लाखेची संहिता, व्हायनलची संहिता : ध्वनिमुद्रिकांची निगा आणि श्रुत वाङ्मयाची साधने

१. प्रश्नाचे स्वरूप

जुन्या संस्कृत हस्तलिखितांच्या अखेरीस लेखनिकाची एक विनवणी वारंवार आढळते. तेल, पाणी आणि सैल बांधणी यांपासून ग्रंथाचे रक्षण करावे आणि तो अजाण माणसाच्या हाती पडू देऊ नये, अशा आशयाची ही विनवणी असते. एका ओळीच्या या सूचनेत हस्तलिखितांच्या जतनाचे सगळे शास्त्र बीजरूपाने आले आहे. पोथी लाकडी फळ्यांमध्ये धरून बासनात घट्ट बांधणे, त्यात वेखंडाचा तुकडा ठेवणे, पावसाळा सरला की तिला ऊन दाखवणे, हे उपचार पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. पाठचिकित्सेच्या अभ्यासकाने या उपचारांकडे कधी दुर्लक्ष केले नाही, कारण कोणत्या प्रांतातील प्रत किती टिकली आणि का टिकली, यावर संहितेची वंशावळ मांडता येते किंवा येत नाही हे त्याला ठाऊक होते.

विसाव्या शतकात वाङ्मयाला एक नवी प्रत लाभली. ती तबकडीच्या रूपात आली. पदे, लावण्या, कीर्तने, नाट्यप्रवेश, काव्यवाचन, बोलींचे नमुने असे पुष्कळ काही या तबकड्यांवर उतरले. तौलनिक साहित्याच्या अभ्यासात मौखिक परंपरेला मानाचे स्थान मिळाले त्यालाही आता बराच काळ लोटला. तथापि ज्या वस्तूवर हा आवाज उतरला, तिची निगा कशी राखली गेली, ती धुतली कशी, ठेवली कशी आणि वाजवली कशी, हे प्रश्न आपण संग्राहकांच्या छंदाचे म्हणून बाजूला ठेवले. हे प्रश्न साधनचिकित्सेचे आहेत आणि त्यांची उत्तरे हाती नसताना ध्वनिमुद्रित संहितेविषयी केलेली विधाने अपुरी राहतात, असे प्रस्तुत निबंधाचे म्हणणे आहे. त्यासाठी लाखेची आणि व्हायनलची अशा दोन प्रकारच्या तबकड्यांचा मुख्यतः भारतीय संदर्भात विचार करावयाचा आहे.

२. लाखेची तबकडी : वाचनाने झिजणारी प्रत

एडिसनचा फोनोग्राफ १८७७ मधला, तर एमिल बर्लिनरच्या सपाट तबकडीच्या यंत्राचे पेटंट १८८७ मधले. प्रारंभी कठीण रबराचा प्रयोग करून झाल्यावर १८९० च्या दशकाच्या उत्तरार्धात बर्लिनरच्या कारखान्यात लाखेचे मिश्रण रूढ झाले आणि पुढे जवळपास अर्धशतक जगभरच्या तबकड्या त्याच मिश्रणातून निघत राहिल्या. ही लाख मुख्यतः भारतातून जात असे. पळस, कुसुम, बोर या झाडांच्या फांद्यांवर वाढणाऱ्या किड्याचा तो स्राव होय. छोटा नागपूरच्या पठारावरील आदिवासी शेतकरी तो गोळा करीत आणि त्यापासून चपडी लाख तयार होई. या उत्पादनाच्या शास्त्रीय अभ्यासासाठी रांचीजवळच्या नामकुम येथे १९२४ मध्ये संशोधन संस्था स्थापन झाली. म्हणजे ज्या द्रव्यावर युरोपातील संगीत कोरले गेले, ते द्रव्य या देशातील जंगलांतून आले होते. ध्वनिमुद्रणाच्या इतिहासाची सुरुवात बहुधा यंत्रांपासून केली जाते, त्यामुळे ही बाजू झाकली जाते.

तबकडीत लाख मात्र सारी नसे. सर्वसाधारणपणे तिचे प्रमाण चौथ्या हिश्शाच्या आसपास किंवा त्याहून कमी असे. उरलेला भाग दगडाची भुकटी, काजळी, कापसाचे बारीक तंतू यांसारख्या भरणद्रव्यांचा असे. दगडाच्या भुकटीचे काम केवळ स्वस्ताईचे नव्हते. पोलादी सुई पहिल्या काही फेऱ्यांतच या खरखरीत द्रव्यावर घासून खाचेच्या आकाराची व्हावी, अशी त्यात योजना होती. यांत्रिक ग्रामोफोनच्या ध्वनिपेटीचा सुईवर पडणारा भार शंभर ग्रॅमहून अधिक असे. दहा इंची तबकडीची एक बाजू सुमारे तीन मिनिटे चाले आणि तेवढ्या वेळात सुई शंभर ते सव्वाशे मीटर लांबीची खाच तुडवून जाई. म्हणून प्रत्येक बाजूला नवी सुई वापरावी, असे सुयांच्या डब्यांवर छापलेले असे. काटकसरीच्या घरांत हा नियम पाळला जाणे कठीणच होते. एकदा घासून धारदार झालेली सुई दुसऱ्या तबकडीवर ठेवली की ती खाच कापू लागे.

येथे हस्तलिखित आणि तबकडी यांतला पहिला मूलभूत भेद दिसतो. पोथी वाचल्याने पान मळते, कडा झिजतात, परंतु अक्षर वाचनाने पुसले जात नाही. तबकडीचे प्रत्येक वाचन मात्र अक्षरावरूनच घासत जाते. सर्वांत आवडती तबकडी सर्वांत जास्त झिजते. पोथी झिजली तर वाचक तिची नक्कल करू शके. तबकडीच्या धन्याला तशी सोय नव्हती, कारण नकलेची किल्ली कारखान्याकडे होती. मेणावर कोरलेल्या मूळ खाचेवरून विद्युत्‌लेपनाने धातूचा उलटा साचा तयार होई, त्यावरून सुलटी धातुप्रत आणि तिच्यावरून पुन्हा उलटा, तबकड्या दाबण्याचा साचा. मधल्या सुलट्या प्रतीला या व्यवसायात ‘मदर’ म्हणत आणि हस्तलिखितांच्या परिभाषेत आदर्श प्रतीसाठी ‘मातृका’ हा शब्द आहे. हा योगायोग मोठा बोलका आहे. तबकडीच्या मध्यभागी, लेबलाजवळच्या कोऱ्या पट्टीत कोरलेला साच्याचा क्रमांक हीच तिची वंशावळ सांगणारी खूण होय. लोकप्रिय तबकड्यांच्या प्रती अर्थातच अधिक निघत, त्यामुळे झीज आणि प्रसार ही दोन विरुद्ध बले एकाच वेळी काम करीत राहिली. आज एखादी तबकडी चांगल्या स्थितीत मिळते याचा अर्थ ती जपली गेली असा असू शकतो, तसाच ती फारशी ऐकली गेली नाही असाही असू शकतो. ग्रहणाच्या इतिहासाचा अभ्यास करणाऱ्याने हे दोन्ही अर्थ ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.

भारतातील व्यापारी ध्वनिमुद्रणाची सुरुवात म्हणून फ्रेड गैसबर्गच्या १९०२ च्या कलकत्ता दौऱ्याचा निर्देश नेहमी होतो. नोव्हेंबर १९०२ मध्ये गौहर जान यांचे गायन मुद्रित झाले आणि तबकड्या जर्मनीतील हॅनोव्हर येथे दाबल्या गेल्या. गायनाच्या शेवटी त्या इंग्रजीतून आपले नाव सांगतात. दूरदेशीच्या तंत्रज्ञांना मुद्रण ओळखता यावे, हा त्यामागचा व्यवहार होता. हस्तलिखिताच्या पुष्पिकेत लेखनिक आपले नाव नोंदवतो, तशीच ही श्रुत पुष्पिका म्हणता येईल. १९०८ मध्ये कलकत्त्यातील सियालदह भागात तबकड्यांचा कारखाना सुरू झाला आणि दोन दशकांनी तो दमदमला गेला. मायकेल किनिअर यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सूचिग्रंथात १९०८ पर्यंतच्या या मुद्रणांची साच्यांच्या क्रमांकांनिशी नोंद आहे. पाठचिकित्सेला हस्तलिखितांच्या सूचींचे जे साहाय्य झाले, तेच या क्षेत्रात अशा सूचींचे होते.

३. व्हायनल : नव्या द्रव्याचे नवे दोष

दुसऱ्या महायुद्धात लाख दुर्मीळ झाली. अमेरिकेत एप्रिल १९४२ मध्ये तबकड्यांसाठीच्या लाखेच्या वापरावर सुमारे सत्तर टक्के कपात लादली गेली. नव्या तबकड्यांसाठी जुन्या तबकड्या भंगारात गोळा करून त्यांचा चुरा पुन्हा वापरण्यात येऊ लागला. एक संहिता दुसरीच्या पोटात गेली. जुने चर्मपत्र खरवडून त्यावर नवा मजकूर लिहिण्याची मध्ययुगीन युरोपातील रीत अभ्यासकांना परिचित आहे, पण तेथे खालचा मजकूर कधीकधी वाचता तरी येतो. चुऱ्यातून मात्र काहीच परत येत नाही. सैनिकांसाठी १९४३ पासून निघालेल्या अमेरिकी तबकड्यांत कृत्रिम राळेचा वापर झाला आणि जून १९४८ मध्ये कोलंबिया कंपनीने ३३⅓ फेऱ्यांची दीर्घवादी तबकडी बाजारात आणली. तिचे द्रव्य व्हायनल होते.

भारतात हा बदल सावकाश झाला. १९५० च्या दशकाच्या अखेरीस एल.पी. दिसू लागली, परंतु चावीच्या यंत्रांची संख्या इतकी होती की लाखेच्या तबकड्यांचे उत्पादन थांबवणे परवडणारे नव्हते. १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत बीटल्सची गाणीसुद्धा भारतात ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवर निघत होती. इतरत्र त्या पद्धतीचा बहुतेक अस्त झालेला होता. त्यामुळे भारतीय घरांत दोन्ही प्रकारच्या तबकड्या दीर्घकाळ एकाच कपाटात राहिल्या, एकाच फडक्याने पुसल्या गेल्या आणि कधीकधी एकाच सुईखाली आल्या. या सहवासाने झालेले नुकसान पुढे पाहावयाचे आहे.

व्हायनल लवचीक असते आणि पडल्याने सहसा फुटत नाही. त्यात खरखरीत भुकटी नसल्यामुळे खाचेचा मूळचा खरखराट फार कमी असतो. म्हणूनच त्यावरचा धुळीचा एक कणही ठळक ऐकू येतो. लाखेच्या तबकडीसाठीच्या सुईचे टोक इंचाच्या सुमारे तीन सहस्रांश मापाचे असते, तर एल.पी.च्या सुईचे सुमारे एक सहस्रांश किंवा त्याहून बारीक. भारही शंभर ग्रॅमवरून दीड ते तीन ग्रॅमवर आला. तथापि व्हायनलवर घर्षणाने स्थिर विद्युत निर्माण होते. कोरड्या कापडाने पुसले की ते धूळ सोडण्याऐवजी आणखी ओढून घेते. उन्हात किंवा बंद मोटारीत राहिल्यास ते वाकते. ओरखडाही त्यावर सहज उमटतो. लाखेची तबकडी फुटून मरते आणि व्हायनलची वाकून, चरे पडून मरते, असे थोडक्यात म्हणता येईल.

यांखेरीज तिसरा एक प्रकार आहे आणि अभिलेखागारांना आज सर्वाधिक चिंता त्याची वाटते. १९३० च्या दशकाच्या मध्यापासून चुंबकीय फीत रूढ होईपर्यंत जगभरच्या रेडिओ केंद्रांत आणि मुद्रणशाळांत जागच्या जागी मुद्रण करण्यासाठी ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर नायट्रोसेल्युलोजचा लेप दिलेल्या तबकड्या वापरत. लेप मऊ राहावा म्हणून त्यात एरंडेल तेल मिसळलेले असे. काळाच्या ओघात तेलाचे विघटन होऊन त्यातील आम्ले पांढऱ्या भुकटीच्या रूपाने पृष्ठावर येतात, लेप आकसतो, तडकतो आणि पत्र्यापासून सुटू लागतो. लेखनिकाने ग्रंथाचा वैरी म्हणून ज्या तेलाचे नाव घेतले, ते येथे ग्रंथाच्या देहातच होते. अशा तबकडीची बहुधा एकच प्रत असते, त्यामुळे तिचा नाश हा संहितेचा नाश ठरतो.

४. साफसफाई : मळ, झीज आणि खूण

तबकडी स्वच्छ करणे म्हणजे तिच्यातून काय काढायचे आणि काय राहू द्यायचे हे ठरवणे. या निर्णयासाठी तीन गोष्टी वेगळ्या ओळखाव्या लागतात. धूळ, बोटांचा तेलकटपणा, बुरशी, सुईने मागे ठेवलेला पोलादाचा कीस हा मळ होय. तो बाहेरून आलेला आहे आणि काढता येतो. झीज ही खाचेच्या भिंतींची हानी आहे आणि ती कोणत्याही द्रावणाने भरून येत नाही. तिसरी खूण. लेबलावरचे धन्याचे नाव, दुकानाचा शिक्का, वेष्टनावरील नोंद, कोरी पट्टी, यांतून तबकडीचा प्रवास कळतो. संहितेच्या दृष्टीने पहिल्याचा त्याग, दुसऱ्याचा स्वीकार आणि तिसऱ्याचे रक्षण असे हे धोरण आहे. हस्तलिखितातील कीड, गळालेली अक्षरे आणि समासातील टिपणे यांच्याशी आपण जसे वागतो, तसेच हे.

प्रत्यक्ष उपचार द्रव्यावर अवलंबून असतो. म्हणून तबकडी कशाची आहे हे आधी ओळखावे लागते. ७८ फेऱ्यांची म्हणजे लाखेची, हे समीकरण बहुधा खरे ठरते, परंतु नेहमीच नाही. वजन, जाडी, लवचीकपणा, कडेला किंवा मधल्या भोकाशी दिसणारा पत्रा, या खुणांवरून निश्चिती करता येते. लाखेच्या तबकडीला स्पिरिट किंवा कोणतेही मद्यार्कयुक्त द्रावण लावू नये. याचे कारण आपल्याकडच्या प्रत्येक सुताराला ठाऊक आहे. लाकडाला पॉलिश करण्यासाठी तो चपडी लाख स्पिरिटमध्येच विरघळवतो. एल.पी.साठी बाजारात मिळणाऱ्या काही द्रावणांत मद्यार्क असतो आणि व्हायनलवर तो सहसा निभावतो. तेच द्रावण शेजारच्या जुन्या तबकडीवर फिरवले की खाचेची भिंतच सुटू लागते आणि काळी पडलेली चिंधी पाहून पुसणाऱ्याला मळ निघाल्याचे समाधान मिळते. दोन द्रव्यांच्या सहवासातून झालेले नुकसान ते हेच.

लाखेच्या तबकडीसाठी शुद्ध पाणी, आवश्यक तर त्यात रंगगंधविरहित सौम्य साबणद्रव्याचे अगदी थोडे थेंब, मऊ केसांचा ब्रश आणि खाचेच्या दिशेने फिरणारा हात पुरतो. लेबलाला पाणी लागू देऊ नये. तबकडी पाण्यात बुडवून ठेवू नये, कारण कापसाच्या तंतूंसारखी भरणद्रव्ये ओल शोषतात. नंतर स्वच्छ पाण्याने साबणाचा अंश काढून, न घासता टिपून, उभी ठेवून सावलीत वाळू द्यावी. व्हायनललाही हाच क्रम चालतो. तेथे शेवटचे पाणी ऊर्ध्वपातित असणे अधिक महत्त्वाचे ठरते, कारण विहिरीच्या किंवा नळाच्या जड पाण्यातील क्षार वाळल्यावर खाचेतच बसतात. लेप तडकलेल्या तबकडीला मात्र घरी हात लावू नये. पाणी भेगांतून आत शिरले की उरलेला लेपही सुटतो.

इंग्लंडमध्ये सेसिल वॉट्स यांनी १९५० च्या दशकात एल.पी.साठी बारीक केसांचे ब्रश आणि वाजत्या तबकडीवरून फिरणारे साधन तयार केले. पुढे पर्सी विल्सन यांच्या कल्पनेवरून कीथ मंक्स यांनी द्रावण पसरून खाचेतून ते ओढून घेणारे यंत्र बनवले आणि प्रसारण संस्थांनी ते स्वीकारले. या यंत्रांमागचे तत्त्व साधे आहे. मळ भिजवून सैल झाला तरी तो खाचेत वाळता कामा नये, द्रावणाबरोबरच बाहेर गेला पाहिजे. फडक्याने पुसताना नेमके उलट होते आणि सैल झालेला मळ खाचेच्या तळाशी चेपला जातो.

५. साठवण : उभी मांडणी आणि मोसमी हवा

अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाने १९५९ मध्ये पिकेट आणि लेम्को यांचा ध्वनिमुद्रितांच्या जतनावरील अहवाल प्रसिद्ध केला. तबकड्या उभ्या ठेवाव्यात, त्या कलू नयेत आणि तापमान व आर्द्रता स्थिर असावी, हे त्यातील मार्गदर्शन अद्याप प्रमाण मानले जाते. एकावर एक रचलेल्या तबकड्यांत खालच्या तबकडीवर भार पडतो, मध्ये अडकलेला कण दाबला जातो आणि तळाची लाखेची तबकडी तडकते. कललेली व्हायनल तबकडी हळूहळू वाकते. म्हणून फळीवर थोड्या थोड्या अंतरावर पूर्ण उंचीचे पक्के आडपडदे हवेत. तबकड्या सैलही नसाव्यात आणि ओढून काढाव्या लागतील इतक्या गच्चही नसाव्यात. लेखनिकाला सैल बांधणीचे भय वाटत होते, ते येथेही खरे ठरते.

वेष्टनाचा प्रश्न वेगळा आहे. जुन्या तबकड्यांची तपकिरी कागदी पाकिटे आम्लयुक्त असतात, ठिसूळ होतात आणि त्यांची पूड खाचेत पडते. ती बदलून आम्लरहित कागदाची किंवा पॉलिथिलीनची पाकिटे वापरावीत, पण मूळ पाकीट फेकू नये. ते स्वतंत्रपणे जतन करावे, कारण तेच कधीकधी काळाचा आणि दुकानाचा एकमेव पुरावा असते. पी.व्ही.सी.ची मऊ, चकचकीत आवरणे मात्र दीर्घकाळ टाळावीत. त्यांतील मृदुकारक द्रव्ये तबकडीवर उतरून धुरकट डाग पाडतात.

भारतीय हवेत या सर्वांवर मोसमाची छाया असते. सुमारे वीस अंश तापमान आणि चाळीस ते पन्नास टक्के आर्द्रता ही अभिलेखागारांची अपेक्षा. मुंबई, कोकण, गोवा किंवा कलकत्ता येथे जूनपासून चार महिने ती यंत्रांवाचून पुरी होत नाही. बुरशी प्रथम कागदी वेष्टनावर आणि लेबलावर धरते, तेथून ती खाचेत उतरते. दिल्लीकडची अडचण निराळी आहे. तेथे कोरडी धूळ आणि उन्हाळ्याची होरपळ आहे. दिवसा वातानुकूलन चालवायचे आणि रात्री बंद करायचे ही कार्यालयीन पद्धत तर सर्वांत घातक म्हणावी लागेल, कारण सततच्या चढउताराने द्रव्य प्रसरण आणि आकुंचन पावत राहते. थोडी अधिक उष्ण परंतु स्थिर खोली त्याहून बरी. भिंतीला न लागलेले कपाट, जमिनीपासून उंच फळी, खिडकीचे ऊन टाळणे आणि पावसाळ्यानंतरची तपासणी एवढे तरी कोणत्याही विभागाला करता येण्याजोगे आहे.

६. वाजवणे हे वाचन

निगा राखलेली तबकडी वाजवतानाही पाठनिर्णय करावे लागतात. ७८ हा आकडा नंतर स्थिरावला. आरंभीच्या तबकड्यांचे मुद्रण सत्तरपासून ऐंशीच्या पुढेपर्यंत निरनिराळ्या वेगांनी झाले आहे. वेगात सुमारे सहा टक्के फरक पडला की स्वर एका अर्धस्वराने सरकतो. आवाजाची जात, लय आणि शब्दोच्चार, सारेच बदलते. एखाद्या गायकाची पट्टी किंवा एखाद्या बोलीतील स्वरांची लांबी यांविषयी जुन्या तबकडीवरून विधान करणाऱ्याने आधी ती कोणत्या वेगाने वाचली हे सांगितले पाहिजे.

या धोक्याचे बोधप्रद उदाहरण फ्रान्समधले आहे. स्कॉट द मार्टिनव्हिल याने १८६० मध्ये काजळी फासलेल्या कागदावर ध्वनीच्या रेषा उमटवल्या होत्या. २००८ मध्ये अभ्यासकांनी संगणकाच्या साहाय्याने त्या ऐकण्याजोग्या केल्या, तेव्हा एका मुलीचा किंवा स्त्रीचा आवाज ऐकू आला असे मानले गेले. पुढच्याच वर्षी वेग निम्मा धरावयास हवा असे निष्पन्न झाले आणि तो आवाज एका पुरुषाचा, बहुधा खुद्द संशोधकाचा, ठरला. संहिता तीच होती, वाचनाने तिच्यातील वक्ता बदलला.

अंकीकरणानंतर हा प्रश्न अधिक नाजूक होतो. पाण्याने मळ जातो, तेव्हा खाचेतील मजकूर तसाच राहतो. संगणकाने खरखर काढली जाते, तेव्हा मजकुरातील काही अंशही तिच्याबरोबर जाऊ शकतो. श्वास, ‘स’, ‘श’ यांसारखे ऊष्म वर्ण, तंबोऱ्याची वरची कंपने हे सारे खरखरीच्याच प्रदेशात वसलेले असते. आंतरराष्ट्रीय ध्वनी व दृक्‌श्राव्य अभिलेखागार संघटनेने १९९७ मध्ये प्रथम प्रसिद्ध केलेल्या तत्त्वांत म्हणूनच अपरिवर्तित जतनप्रत आणि श्रोत्यांसाठी सुधारलेली प्रत वेगळ्या ठेवण्यावर भर आहे. सुखथनकरांच्या संपादनाने १९३३ मध्ये सिद्ध झालेल्या महाभारताच्या आदिपर्वाचे उदाहरण आपल्यासमोर आहेच. तेथे स्वीकृत पाठ वर आहे आणि नाकारलेले पाठ तळटीपेत जिवंत आहेत. ध्वनीच्या सुधारित प्रतीला मात्र तळटीप नसते. काढून टाकलेले कोठे गेले, हे ऐकणाऱ्याला कळत नाही.

७. जतनावर उभे असलेले अभ्यास

तौलनिक अभ्यासाचे काही आधारस्तंभ तबकड्यांच्या जतनावर उभे आहेत, याचे स्मरण येथे उचित होईल. मिल्मन पॅरी यांनी १९३३ ते १९३५ या काळात युगोस्लाव्हियातील गायकांचे मुद्रण साडेतीन हजारांहून अधिक ॲल्युमिनियमच्या तबकड्यांवर केले. दीर्घ काव्य अखंड उतरावे म्हणून दोन चकत्यांचे यंत्र वापरले. एक तबकडी भरत आली की दुसरी सुरू होई. हा संग्रह हार्वर्डमध्ये राहिला म्हणून आल्बर्ट लॉर्ड यांचा १९६० चा ग्रंथ आणि त्यापुढची सूत्रबद्ध मौखिक रचनेची चर्चा शक्य झाली. मऊ ॲल्युमिनियमची खाच पोलादी सुईने वाचली तर खरवडली जाते. योग्य सुईची शिस्त पाळली गेली नसती, तर सिद्धान्ताचा पुरावाच खरवडला गेला असता.

आपल्याकडे ग्रिअर्सन यांच्या भाषिक सर्वेक्षणाचे मुद्रित खंड सर्वांना परिचित आहेत. त्याच उपक्रमात १९१३ ते १९२९ दरम्यान शंभराच्या जवळपास भाषा व बोलींचे ग्रामोफोनवर मुद्रण झाले आणि त्यात उधळ्या पुत्राची बायबलमधील गोष्ट अनेक भाषांत सांगितली गेली. एकाच कथेची इतक्या भाषांतली श्रुत रूपे म्हणजे तौलनिक अभ्यासकाला आयतीच मिळालेली सामग्री होय. या तबकड्यांच्या प्रती ब्रिटन व फ्रान्समधील ग्रंथालयांत राहिल्या आणि एकविसाव्या शतकात शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई अंकीय ग्रंथालयाने त्या सर्वांना ऐकण्यासाठी खुल्या केल्या.

मराठी प्रदेशाशी निगडित उदाहरणही घेता येईल. मुंबईच्या ‘यंग इंडिया’ या देशी छापाच्या तबकड्या १९३५ ते १९५५ या काळात निघाल्या. कंपनी गेली, पण तबकड्या उरल्या त्या खासगी संग्राहकांच्या कपाटांत. १९९० मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या भारतीय ध्वनिमुद्रिका संग्राहकांच्या संस्थेने आणि सुरेश चांदवणकर यांनी हे विखुरलेले धन एकत्र आणण्यासाठी कष्ट घेतले आणि ब्रिटिश ग्रंथालयाच्या संकटग्रस्त अभिलेख उपक्रमातून त्याचे अंकीकरण झाले. १९८२ मध्ये पुण्यात सुरू होऊन पुढे दिल्लीकडे गेलेले अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजचे संगीतविषयक अभिलेखागार हाही एक महत्त्वाचा आधार आहे.

एखादी संहिता जतनाच्या निवडीने कशी आकार घेते, हे ‘गीतरामायणा’त दिसते. गदिमांची छप्पन्न गीते १९५५–५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून प्रसारित झाली, तेव्हा ती अनेक गायक-गायिकांच्या कंठांतून ऐकू आली होती. तबकड्यांच्या रूपाने घरोघर गेलेले गीतरामायण मात्र सुधीर फडके यांच्या एकाच आवाजातले. नाट्यात्म, बहुकंठी रचना आणि एका कथनकाराचे आख्यान ही दोन भिन्न रूपे आहेत. आज बहुसंख्य श्रोत्यांच्या स्मरणात दुसरे आहे, कारण ते तबकडीवर टिकले.

या सर्व उदाहरणांत जतन झाले ते विदेशी ग्रंथालयांच्या, खासगी छंदाच्या किंवा बाजाराच्या कृपेने. ग्रंथ सार्वजनिक ग्रंथालयांना देण्याचा भारतीय कायदा १९५४ चा आहे आणि दोन वर्षांनी त्यात वृत्तपत्रे आली. ध्वनिमुद्रिका त्याच्या कक्षेत नाहीत. दुसरीकडे ध्वनिमुद्रणावरील स्वामित्वहक्क प्रसिद्धीपासून साठ वर्षे राहतो. त्यामुळे ज्या तबकडीची अधिकृत ठेव कोठेच नाही, ती मुक्त होण्याची वाट पाहता पाहता झिजून जाण्याचा संभव असतो.

८. अभ्यासकाकडून अपेक्षा

विद्यापीठीय विभागांनी तबकड्यांचे कारखाने उघडावेत, असे कोणी म्हणणार नाही. संदर्भ देण्याची शिस्त मात्र आपल्याच हातात आहे. हस्तलिखिताचा निर्देश करताना आपण संग्रह, क्रमांक, लिपी, स्थिती आणि त्रुटित पाने सांगतो. ध्वनिमुद्रित संहितेचा निर्देश करताना छापाचे नाव आणि तबकडीचा क्रमांक, कोऱ्या पट्टीतील साच्याचा क्रमांक, द्रव्य, झिजेची स्थिती, वाजवण्याचा वेग, सुईचे माप, वाजवण्यापूर्वी केलेली स्वच्छता आणि ऐकलेली प्रत मूळ, अपरिवर्तित की सुधारलेली, एवढे तरी नोंदवले जावे. यांपैकी माहीत नसेल तेथे तसे लिहावे. अंकीकरण झाले म्हणून तबकडी टाकून देण्याचा मोह ग्रंथालयांनी आवरावा. आज न वाचता येणारी खाच उद्या प्रकाशाने, सुईचा स्पर्श न होता, वाचता येते, हे या शतकाच्या पहिल्या दशकातील प्रयोगांनी दाखवून दिले आहे.

काही विभागांच्या कपाटांत निवृत्त प्राध्यापकांनी दिलेल्या तबकड्या अजून आडव्या रचून ठेवलेल्या असतील. त्या उभ्या करणे आणि त्यांची यादी लिहिणे हे एका दुपारचे काम आहे. मौखिकतेवरील पुढच्या प्रबंधाची साधनसामग्री कदाचित त्या यादीतच असेल.